युद्धबंदी, शस्त्रसंधी, युद्धविराम, तह

प्रश्न एका अनुवादकाचा आहे. भारत-पाकिस्तान संबंधांवरच्या एका धोरणविषयक टिपणाचे मराठी करताना त्यांनी ‘सीझफायर’साठी कुठे युद्धबंदी, कुठे शस्त्रसंधी, कुठे युद्धविराम असे लिहिले. संपादकांचे म्हणणे, सगळीकडे एकच शब्द ठेवा. तो कोणता ठेवावा, असे ते विचारतात.

माझे स्पष्ट मत असे की एकच शब्द ठेवू नये. इंग्रजी टिपणात एका शब्दावर भागते म्हणून मराठीने हातातले तीन शब्द टाकून देण्याचे कारण नाही. हे शब्द वेगवेगळ्या परिस्थितींसाठी वापरता येतात, आणि परराष्ट्र व्यवहारात तो फरक फार महत्त्वाचा असतो.

युद्धबंदी म्हणजे चालू असलेली लढाई थांबणे. नाकाबंदी, दारूबंदी यांतली ‘बंदी’च इथे आहे. तेव्हा आधी युद्ध हवे. १ जानेवारी १९४९ पासून काश्मीरमधली लढाई थांबली ती युद्धबंदी. ती एकतर्फीही असू शकते. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली आणि पश्चिम आघाडीवर १७ तारखेपासून लढाई थांबवण्याची घोषणा भारताने आपणहून केली. एका दिवसाच्या अंतराने एकीकडे शरणागती, दुसरीकडे युद्धबंदी. या दोन्ही घटनांना ‘शस्त्रसंधी’ म्हटले तर इतिहासच बदलतो.

या शब्दाची एक अडचण आहे. ‘ती युद्धबंदी’ म्हणजे लढाई थांबणे आणि ‘तो युद्धबंदी’ म्हणजे युद्धात पकडलेला सैनिक. १९७१ वर लिहिताना दोन्ही अर्थ एकाच परिच्छेदात येतात, कारण तेव्हा सुमारे ९३ हजार जण भारताच्या ताब्यात होते. अशा ठिकाणी माणसांसाठी ‘युद्धकैदी’ लिहावे, म्हणजे घोटाळा होत नाही.

शस्त्रसंधीची गोष्ट जास्त रंजक आहे. आज संधी म्हटले की आपल्याला नोकरीची किंवा शिक्षणाची संधी आठवते. पण कौटिल्याने परराष्ट्र धोरणाचे जे सहा गुण सांगितले, त्यांतला पहिलाच संधी आणि दुसरा विग्रह, म्हणजे वैर. दोन बाजूंनी जुळवून घेणे हा तो जुना अर्थ ‘शस्त्रसंधी’त अजून जिवंत आहे. त्यामुळे दोन गोष्टी होतात. एक, शस्त्रसंधीला रीतसर युद्ध लागत नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये नियंत्रण रेषेवर भारत-पाकिस्तानने गोळीबार थांबवला तेव्हा युद्ध चालू नव्हते, लेखी करारही नव्हता. समझोता मात्र दोन्हीकडून होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन्ही लष्करांनी संयुक्त निवेदन काढून तो पुन्हा पाळायचे ठरवले. ही शस्त्रसंधी. १९९७ पासून केंद्र सरकार आणि एनएससीएन (आयएम) ही सशस्त्र नागा संघटना यांच्यात जे आहे, तेही शस्त्रसंधीच. तिथे युद्धबंदी म्हटले तर देशातल्या सशस्त्र गटाशी सरकारचे युद्ध होते असे मान्य केल्यासारखे होईल.

दुसरी गोष्ट, संधीला दोन पक्ष लागतात. म्हणून ‘एकतर्फी शस्त्रसंधी’ हा प्रयोग मला खटकतो. २००० च्या रमझानमध्ये वाजपेयी सरकारने काश्मीरमध्ये आपणहून मोहिमा सुरू न करण्याचे जाहीर केले, त्याला अनेकांनी एकतर्फी शस्त्रसंधी म्हटले. सरकारची शब्दयोजना तशी नव्हती. आपल्याकडून कारवाईची सुरुवात होणार नाही, एवढेच तिच्यात होते. मराठीत ‘मोहिमांना एकतर्फी स्थगिती’ म्हटले तर अर्थ नेमका पोचतो.

१० मे २०२५ चे उदाहरण ताजे आहे. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांच्या निवेदनात जमीन, हवा आणि समुद्र यांवरचा सगळा गोळीबार व लष्करी कारवाई सायंकाळी ५ पासून थांबवण्याचे दोन्ही बाजूंत ठरले, असे होते. ‘सीझफायर’ हा शब्द भारताने त्यात वापरला नाही. मराठी मथळ्यांत मात्र शस्त्रसंधी आली. मथळ्याला जागा कमी असते, ते समजू शकते. धोरणाच्या टिपणात तशी सूट घेऊ नये. तिथे ‘गोळीबार व लष्करी कारवाई थांबवण्याचे ठरले’ असेच लिहावे.

युद्धविराम हिंदीत सरसकट चालतो. मराठीत मी तो मुदतीच्या थांब्यासाठी राखून ठेवीन, कारण विरामानंतर वाक्य पुढे चालू राहते. गाझात २४ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेला थांबा मुदतवाढी घेत १ डिसेंबरला संपला आणि लढाई पुन्हा पेटली. त्याला युद्धविराम शोभतो.

या तिन्हींपैकी एकानेही युद्ध कायद्याने संपत नाही. ते संपवतो तह. कोरियात २७ जुलै १९५३ ला पानमुनजोमला सह्या झाल्या त्या युद्धबंदीच्या करारावर. शांततेचा तह आजतागायत झालेला नाही. पुरंदर, सालबाई, वसई ही नावे ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला तह समजावून सांगावा लागत नाही. रणांगणावरची सही पुरेशी नसते, हेही त्याला वडगावमुळे माहीत असते: मराठे आणि इंग्रज यांच्यातला १७७९ चा तो तह कंपनी सरकारने मानला नाही आणि युद्ध सालबाईपर्यंत, म्हणजे १७८२ पर्यंत, चालले.

आता टिपणातले एक वाक्य. त्यांनी लिहिले आहे: ‘१९४९ च्या शस्त्रसंधीने आखलेली नियंत्रण रेषा.’ यात दोन दुरुस्त्या हव्यात. जुलै १९४९ च्या कराची करारात आखली गेली ती युद्धबंदी रेषा. नियंत्रण रेषा हे नाव १९७२ च्या सिमला करारातून आले, आणि ती १७ डिसेंबर १९७१ च्या युद्धबंदीतून निघालेली रेषा आहे. नाव बदलले याला राजकीय वजन आहे. जुनी रेषा गेली, म्हणून तिच्यावर देखरेख करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांचे कामही उरले नाही, अशी भारताची भूमिका. पाकिस्तानला ती मान्य नाही. तेव्हा ते वाक्य असे करावे: ‘१९४९ च्या युद्धबंदी रेषेची जागा १९७२ मध्ये नियंत्रण रेषेने घेतली.’