ऐतिहासिक कादंबरीत तपशील किती ठेवावा आणि गोष्ट किती रचावी?

तुम्ही आनंदवल्लीच्या राघोबादादांवर कादंबरी लिहिताय, टिपणांनी वह्या भरल्यात आणि आता त्यातलं ठेवू काय, काढू काय, असं विचारताय. समया, पानदानं, पैठणीचे काठ, पंगतीतले पदार्थ बेलाशक कापा. ज्यानं पात्राच्या वागण्यात काडीचाही फरक पडत नाही, तो तपशील म्हणजे दिवाणखान्यातलं सामान. पण जो तपशील तुम्हाला अडचणीत आणतो, त्याला हात लावू नका. यावरून माझं एका दिवाळी अंकाच्या संपादकांशी चांगलंच वाजलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन, त्याच्या वधावर मी एक दीर्घकथा लिहिली होती. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद नाट्यगृह, 'शारदा'चा प्रयोग, अनंत कान्हेऱ्यांच्या गोळ्या. एवढं नाशिकच्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. म्हणून मी ती कथा नाट्यगृहात बत्त्या सांभाळणाऱ्या एका पोराच्या तोंडी घातली. पोरगा शंभर टक्के माझ्या डोक्यातला. जॅक्सन मात्र जसा होता तसाच ठेवला. संस्कृतचा जाणकार, लोक त्याला पंडित म्हणत. लोककथा, चालीरीती जमवायचा. त्यानं गोळा केलेलं साहित्य पुढे एन्थोवेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्यानं संपादून छापलं. आणि याच माणसानं बाबाराव सावरकरांवरचा खटला पुढे पाठवला, ज्यात कविता छापल्याबद्दल त्यांना जन्मठेप, काळं पाणी झालं. माझ्या पोराच्या आजीकडून साहेबाच्या कारकुनानं ओव्या उतरवून घेतल्यात, आणि त्याच्या आळीतली तरणी पोरं साहेबाच्या नावानं दात-ओठ खातायत. गोळी सुटते तेव्हा या पोराला पळावं की थांबावं तेच कळत नाही. कथा म्हणजे तेवढीच.

संपादकांचा फोन आला. "ते संस्कृतचं काढा हो, वाचक गोंधळतो. आणि कान्हेऱ्यांच्या आईचा एक प्रसंग टाका, मुलगा निघालाय, ती वाड्याच्या दारात निरांजन घेऊन उभी." अहो, कान्हेरे औरंगाबादला शिकत होते! नाशिकच्या वाड्यात त्यांची आई मी कुठून आणून उभी करू? आणि रचून रचून असं काय रचायचं होतं? जॅक्सनची बदली झालेली, तो प्रयोगच निरोपाचा, म्हणजे आत्ता नाही तर हातातून गेला. या घाईसारखं नाट्य सगळं कागदोपत्री तयार असताना निरांजन कशाला? "तुम्ही कथाकार कमी आणि इतिहासाचे मास्तर जास्त," असं ऐकवलंन. मी कथा परत मागवली.

जॅक्सनला माणूस म्हणून दाखवलं की क्रांतिकारकांचा अपमान होतो, असंही त्यांचं म्हणणं होतं. मला हे बिलकूल पटत नाही. कान्हेरे आणि कटातले त्यांचे साथीदार कर्वे नि देशपांडे १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. समोरच्याला संस्कृत येत होतं म्हणून त्यातलं काय उणं होतं?

तुमच्या राघोबांचंही तेच. १७५८ मध्ये लाहोरपर्यंत धडकलेला हाच, आणि १७७३ च्या नारायणरावाच्या खुनात रामशास्त्र्यांनी ज्याला दोषी धरलं तोही हाच. यातलं एक झाकून दुसरं रंगवू नका. आनंदवल्लीच्या वाड्यात रात्री नवरा-बायको काय बोलले, ते मात्र सर्वस्वी तुमचं, तिथे कुठल्याही बखरीला विचारायला जाऊ नका.

पंगतीबद्दल जरा जास्तच फटकळ बोललो. कोणाला कुठे बसवलं यावरून मानापमान होणार असेल तर पंगत ठेवा, नुसती श्रीखंडाची वाटी नको. चहा तर अजिबात पाजू नका कोणाला, पेशवाईतल्या वाड्यात कप-बशा वाजल्या की मी पुस्तक मिटतो. तारीख सरकवावीच लागली तर मनोगतात तसं सांगून टाका. किशोरांसाठी लिहीत असाल तर यातलं बरंचसं सैल धरा.

आणि कोणी "वाचक गोंधळतो" म्हणालं, तर कुठला वाचक, ते विचारा. मी विचारलं होतं. आमच्या संपादकांनी विषय बदलून मानधनाचं काढलं.