अमेरिकेत एकच बेसबॉल मॅच बघायची असेल तर कोणत्या स्टेडियममध्ये बघावी?

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये पुण्याहून सॅन होजेला भावाकडे येताय, आयुष्यभर क्रिकेट बघत आलात, बेसबॉलची एकच मॅच बघणार आणि ती 'सगळ्यांत भारी' स्टेडियममध्येच बघायचीय. सॅन होजेहून सोयीचं म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, आणि दहातले नऊ जण तुम्हाला तेच सांगतील. माझं उत्तर ओकलंड आहे. ओकलंडला आता मोठ्या लीगची (मेजर लीग बेसबॉलची) मॅच होत नाही हे मला माहीत आहे. तरीही तेच सांगतोय, कारण ह्या प्रश्नावरून आमच्या घरात कित्येक वर्षं वाद चालू आहे आणि तो मला एकदा नीट लिहून काढायचाय.

आधी बाकीच्यांचं उरकतो. बॉस्टनचं फेनवे पार्क 1912चं. डावीकडची हिरवी भिंत 37 फूट उंच, आणि उजवीकडच्या हिरव्या खुर्च्यांमध्ये एकच लाल खुर्ची, जिथे बॉस्टनचा जुना बॅटर टेड विल्यम्सचा 1946चा 502 फुटांचा होम रन (आपल्या सिक्सरसारखा फटका) पडला. ती खुर्ची बघून मला भरून आलं होतं. पण तिथल्या जुन्या लाकडी सीटवर आपले गुडघे मावत नाहीत, काही सीटच्या समोर सरळ खांब येतो, आणि उजव्या कोपऱ्यात बसलात तर नऊ इनिंग, म्हणजे पूर्ण मॅच, मान वळवून बघावं लागतं. शिकागोचं रिग्ली फील्ड मला फेनवेपेक्षा आवडतं. तिथे आउटफिल्डच्या विटांच्या भिंतीवर वेल चढलेत, बॉल त्या पानांत अडकला की फील्डर दोन्ही हात वर करून उभा राहतो आणि बॅटरला दोन बेस (धावेचे टप्पे) मिळतात. 1988पर्यंत त्या मैदानावर दिवेच नव्हते, सगळ्या मॅचेस उन्हात व्हायच्या. पिट्सबर्गचं पीएनसी पार्क नदीकाठी आहे आणि मॅचच्या दिवशी समोरच्या पुलावरून गाड्या बंद करून लोकांना चालत सोडतात. देखणेपणात त्याला तोड नाही. ह्यातलं एकही तुमच्या वाटेवर नाही, तेव्हा पुढे जाऊ.

2014च्या उन्हाळ्यात माझे बाबा आमच्याकडे फ्रीमाँटला आले होते. बाबा बँकेत होते, पण दादरच्या बाहेर त्यांना ओळखणारे लोक बँकेमुळे ओळखत नाहीत. ते कांगा लीगचे स्कोअरर. ऐन पावसाळ्यात आझाद मैदानावर तंबूत टेबल टाकून बसायचे, प्रत्येक बोलरला वेगळ्या रंगाची पेन्सिल, आणि ओव्हर संपली की शेजारच्या स्कोअररशी टोटल जुळवल्याशिवाय पुढचा बॉल लिहायचा नाही. अशा माणसाला मॅच दाखवायची तर ती लिहिता येईल अशी दाखवायला हवी, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. म्हणून आठवड्याच्या मधली एक दुपारची मॅच निवडली, फ्रीमाँटला बार्ट (इथली लोकल ट्रेन) पकडली, कोलिसियम स्टेशनला उतरलो आणि पुलावरून चालत आत गेलो.

ओकलंड कोलिसियम सुंदर होतं असं मी म्हणणार नाही. 1966 सालचं गोल सिमेंटचं बांधकाम. पूर्वी आउटफिल्डच्या पलीकडे टेकड्या दिसायच्या, तर 1990च्या दशकात अमेरिकन फुटबॉलसाठी तिथे एक प्रचंड स्टँड उभा केला आणि टेकड्या झाकून टाकल्या. वरचा मजला त्या काळी ताडपत्रीने झाकलेला असायचा. पण तिसऱ्या बेसच्या मागे खालच्या रांगेतली सीट आम्हाला इतक्या कमी पैशात मिळाली की तेवढ्यात खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्कोत नुसतं गाडीचं पार्किंग झालं नसतं. पिचरचा (बोलरचा) बॉल कॅचरच्या (विकेटकीपरच्या) ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा. उजव्या आउटफिल्डच्या बाकांवर नेहमीची मंडळी ड्रम बडवत होती.

आमच्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ होते. मांडीवर जाड फाइल, एका कानात रेडिओची कॉमेंट्री, हातात पेन्सिल. बाबांनी पहिली इनिंग नुसती त्यांच्या फाइलकडे बघण्यात घालवली. दुसऱ्या इनिंगला त्यांनी मला स्कोअरकार्ड आणायला पिटाळलं. बेसबॉलच्या स्कोअरिंगमध्ये प्रत्येक जागेच्या फील्डरला ठरलेला नंबर असतो. तिसऱ्या इनिंगपर्यंत शॉर्टस्टॉप म्हणजे सहा, सेकंड बेसमन चार, फर्स्ट बेसमन तीन हे त्यांचं तोंडपाठ झालं होतं, आणि डबल प्ले (एकाच बॉलवर दोन आउट) झाला तेव्हा मी बॉल शोधत असताना बाबांच्या कार्डावर 6-4-3 लिहून झालं होतं.

मग त्यांना फाइलमध्ये एक उलटा के दिसला. सरळ के म्हणजे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बॅटर आउट) हे त्यांना कळलं होतं. उलटा का? गृहस्थांनी सांगितलं की ह्या बॅटरने तिसरा स्ट्राइक नुसता बघितला, बॅट फिरवलीच नाही. बाबा क्षणभर थांबले आणि मला म्हणाले, "अरे, म्हणजे बॉल सोडला आणि बोल्ड झाला. आपल्याकडे ह्याला वेगळी खूणच नाही. बॅट लावून बोल्ड झाला काय नि सोडून झाला काय, आपण तेच लिहितो. हे चूक आहे आपलं." पन्नास वर्षं क्रिकेटचं पुस्तक लिहिलेला माणूस हे बोलत होता.

त्यानंतर एक उंच फाउल (रेषेबाहेर उडालेला बॉल) आमच्या दिशेने आला आणि थर्ड बेसमनने बरंच धावत येऊन आमच्या समोरच झेलला. कोलिसियममध्ये रेषेच्या बाहेरची जागा मोठ्या लीगमध्ये सगळ्यांत मोठी होती. दुसरीकडे जो फाउल प्रेक्षकांत पडला असता तो इथे आउट. गृहस्थ म्हणाले, इथे खेळणाऱ्या बॅटरची सरासरी ह्या जागेमुळे घसरते. बाबांनी त्यांना आझाद मैदान समजावलं, एका मॅचचा स्लिप दुसऱ्या मॅचच्या कव्हरशेजारी कसा उभा असतो ते. सातव्या इनिंगनंतर दोघे दर इनिंगला टोटल जुळवत होते. मी मध्ये बोललेलं दोघांनाही चालत नव्हतं.

आता वाद. माझा साडू. त्याला हे कळल्यावर तो म्हणाला, "काकांना समुद्र दाखवायचा सोडून ते सिमेंट कसलं दाखवलंस?" आणि पुढच्याच आठवड्यात कंपनीकडून मिळालेली महागडी तिकिटं घेऊन बाबांना सॅन फ्रान्सिस्कोला घेऊन गेला. ते स्टेडियम 2000 सालचं, देखणंच आहे. उजवीकडची भिंत तिथल्या संघाचा जुना महान खेळाडू विली मेजच्या 24 नंबरसाठी 24 फुटांची, तिच्यापलीकडे खाडी, खाडीत होम रन टिपायला टपलेल्या होड्या. त्याच संघाच्या बॅरी बाँड्सने एकट्याने 35 वेळा तिथल्या पाण्यात बॉल मारला. पण साडूच्या ग्रुपमध्ये बाबांना मॅच बघू दिली नाही कुणी. गार्लिक फ्राइज आणा, फोटो काढा, हा पूल बघा, ती होडी बघा. चौथ्या इनिंगनंतर बाबांच्या कार्डावर रिकामे चौकोन आहेत. ते कार्ड माझ्याकडे आहे, ओकलंडचं पूर्ण भरलेलं कार्डही माझ्याकडे आहे, आणि ज्याला शंका असेल त्याने दोन्ही शेजारी ठेवून बघावीत.

साडूचं दुसरं म्हणणं असं की ओकलंडला लोकच जात नव्हते, म्हणून तिथला संघ अ‍ॅथलेटिक्स शहर सोडून गेला. हे अर्धंच खरं आहे. 2022मध्ये मॅट ऑल्सन, मॅट चॅपमन असे चांगले खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन टाकले, 2023मध्ये संघ 112 मॅच हरला. असा संघ बघायला कोण येणार? आणि तरीही 13 जून 2023ला लोकांनी ठरवून मैदान भरवलं. मंगळवारी रात्री 27,759 माणसं, बहुतेकांच्या अंगावर हिरवा टीशर्ट, त्यावर मालकांना उद्देशून एकच शब्द: विका. मी त्यात होतो. 26 सप्टेंबर 2024ला ओकलंडमधली शेवटची मॅच झाली, टेक्सासला 3-2 हरवलं, संघाचा जुना खेळाडू रिकी हेंडरसनने मॅचआधीचा मानाचा पहिला बॉल टाकला आणि मैदान खच्चून भरलं होतं. पाच वर्षांत त्या शहराचे बास्केटबॉल, फुटबॉल आणि बेसबॉल असे तिन्ही संघ गेले. लोक येत नव्हते म्हणणाऱ्याने त्या दिवशी स्टेशनच्या पुलावर उभं राहायला हवं होतं.

तर तुमच्यासाठी: वेस्ट ओकलंडच्या रायमोंडी पार्कमध्ये जा. संघ गेल्यावर त्याच चाहत्यांतल्या लोकांनी उभा केलेला ओकलंड बॉलर्स हा संघ तिथे 2024पासून खेळतो, 2025मध्ये त्यांनी त्यांची पायोनियर लीग जिंकलीसुद्धा. मैदान लहान, सीट जवळ, तिकीट स्वस्त, शेजारचा माणूस बोलणारा. सॅन होजेच्या बेरियेसा स्टेशनहून बार्टने वेस्ट ओकलंडला उतरा, तिथून थोडं लांब आहे, गाडी करा.

ही मोठी लीग नाही हे सांगायला हवं. तुम्हाला डॉजर्सचा स्टार शोहेई ओतानीच बघायचा असेल तर रायमोंडीत तो दिसणार नाही, डॉजर्स कधी येतात ते बघून सॅन फ्रान्सिस्कोचंच तिकीट काढा. सॅन होजेहून कॅलट्रेन ह्या लोकल ट्रेनने जा, स्टेशनवरून चालत पोचता. जून असला तरी रात्री जाड जॅकेट लागेल. खाडीच्या बाजूला उजव्या भिंतीत जाळीच्या कमानी आहेत, तिथून उभं राहून काही इनिंग फुकट बघता येतात, ते मात्र खरंच छान आहे आणि साडूलासुद्धा माहीत नव्हतं. दोन्हींपैकी कुठेही गेलात तरी पेन्सिल घरून न्या, आणि ग्रुपमध्ये जाऊ नका. भाऊ बेसबॉल बघणारा असेल तर त्याला न्या, नसेल तर एकटे जा.