पाच तासांचा प्रयोग तुमच्यासाठी नाही

प्रिय ताई,
माझं वय ३४. सहा वर्षांपूर्वी बायपोलर टाइप वनचं (मूड अतिउत्साह आणि नैराश्य यांत झुलवणाऱ्या आजाराचं) निदान झालं. मूड स्थिर ठेवणारं लिथियम नियमित चालू आहे आणि गेलं वर्षभर मूड स्थिर आहे. रुसली आहे ती फक्त झोप. रात्री दहाला पडते आणि एक वाजेपर्यंत टक्क जागी असते. मध्ये दोनदा लघवीला उठते. सकाळी आठला कशीबशी उठते, रविवारी तर दहा वाजतात. सासूबाई म्हणतात, "रात्रभर तळमळली पोर, झोपू दे." मागच्या मॅनियाची, म्हणजे अतिउत्साहाच्या झटक्याची, सुरुवात झोप उडण्यानेच झाली होती. त्यामुळे पाठ टेकली की धडधडायला लागतं, आज झोप नाही आली तर पुन्हा तेच होणार का? मिस्टरांनी एका व्हिडिओत पाहिलं की रोज पाचच तास पलंगावर राहायचं, मग गाढ झोप लागते. सोमवारपासून सुरू करू या म्हणतात. करू का?
– टक्क जागी, सांगली

प्रिय 'टक्क जागी',

सोमवारपासून नको. व्हिडिओत सांगितलंय ते खोटं नाही. निद्रानाशावरच्या वर्तनोपचारातली ही जुनी, कस लागलेली पद्धत आहे; आर्थर स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ती मांडली. पलंगावरचा वेळ मुद्दाम कमी करायचा, म्हणजे झोपेची भूक साठते आणि तुटक झोप सलग होते. एरवीच्या माणसाला पहिले दोन आठवडे पेंग येते, चिडचिड होते, पण निभावतं. बायपोलरमध्ये मात्र झोप कमी होणं हाच मूड वर ढकलणारा धक्का असतो. बाळंतपण, रात्रपाळी, लांबचा प्रवास, घरातलं दुःख अशी मॅनियाची निमित्तं वेगवेगळी दिसली, तरी त्यातली बरीचशी झोप तोडूनच काम करतात.

तरीही उपचार सोडून द्यायचं कारण नाही, तो तुमच्या मापाने बेतायचा. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अॅलिसन हार्वी यांच्या गटाने नेमकं तेच केलं. २०१५ मध्ये त्यांनी टाइप वनच्या, पण आजाराचा झटका चालू नसलेल्या ५८ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना आठ बैठकांचा बेतलेला झोपेचा उपचार, बाकीच्यांना आजाराची आणि झोपेची फक्त माहिती. पुढच्या सहा महिन्यांत मॅनिया किंवा हायपोमॅनिया (त्याचं सौम्य रूप) उलटण्याचं प्रमाण पहिल्या गटात ४.६ टक्के होतं, दुसऱ्यात ३१.६ टक्के. अभ्यास लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे. त्यांच्या पद्धतीतला एक नियम मिस्टरांना आजच वाचून दाखवा: पलंगावरचा वेळ साडेसहा तासांच्या खाली कधीही न्यायचा नाही.

आता तुमचा हिशेब. दहा ते आठ म्हणजे दहा तास पलंगावर, त्यात झोप जेमतेम सहा तास. शंभरातले साठ. हे प्रमाण ८५ च्या पुढे गेलं की झोप सुधारली म्हणायचं. म्हणजे तुमचा पलंग रोज चार तास तळमळण्याची जागा झाला आहे, आणि मेंदूने तेवढं पाठ केलं आहे.

पहिला आठवडा काही बदलू नका, फक्त डायरी लिहा. सकाळी चहाच्या वेळी, पाच मिनिटं. पलंगावर कधी गेलात, दिवा कधी मालवला, झोप अंदाजे कधी लागली, किती वेळा जाग आली, शेवटची जाग कधी, पलंग कधी सोडला. सगळं अंदाजाने, रात्री घड्याळ बघून बिनचूक आकडे लिहिणारे जास्त जागतात. शेजारी आणखी दोन आकडे हवेत: मूड उणे पाच ते अधिक पाच, आणि दिवसभराची ताकद त्याच मापात. नुसत्या झोपेच्या डायरीचा तुम्हाला अर्धाच उपयोग आहे.

दुसऱ्या आठवड्यापासून उठण्याची वेळ सात. रविवारीही सातच. झोपण्याची वेळ आपल्या हातात नसते, उठण्याची असते, आणि शरीराचं घड्याळ तिच्यावरूनच लागतं. रविवारी दहापर्यंत झोपलात की सोमवारची झोप रविवारीच खर्च झालेली असते. पलंगावर जायचं साडेअकराला. हे साडेसात तास झाले. दोन आठवड्यांनंतरही प्रमाण ८५ च्या खाली राहिलं तर बाराला जा, आणि अगदीच गरज पडली तर साडेबाराला, त्यापुढे नाही. सलग आठवडाभर ८५ च्या वर राहिलं की पंधरा-वीस मिनिटं आधी पडायला लागा. वाढ नेहमी रात्रीच्या बाजूने करायची, सकाळ हलवायची नाही. साडेअकरापेक्षा उशिरा जाण्याचं पहिलं पाऊल टाकण्याआधी तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना डायरी दाखवा.

झोप येत नसेल तर उठून बाहेर बसा, असंही सगळीकडे सांगतात. अंदाजे वीस मिनिटं गेली की उठायचं, हे खरं. पण तुमच्या बाबतीत कशासाठी उठता याला फार महत्त्व आहे. रात्री दीडला कपाट आवरायला घेतलं, ऑनलाइन साड्या बघायला घेतल्या, की पहाटेचे चार वाजतात आणि गंमत म्हणजे थकवाही वाटत नाही. हात घातला की हुरूप वाढतो असं कोणतंच काम नको. मंद पिवळा दिवा, ठरलेली एक खुर्ची, आधी वाचलेलं कंटाळवाणं पुस्तक. डोळे जड झाले की परत पलंगावर. फोन दुसऱ्या खोलीत.

साडेदहाचा गजर लावा, पण झोपण्यासाठी नव्हे, आवरतं घेण्यासाठी. आपल्याकडच्या हॉलमध्ये पांढरीशुभ्र ट्यूबलाइट दिवा मालवायच्या क्षणापर्यंत जळत असते. ती बंद करून कोपऱ्यातला पिवळा बल्ब लावा. निळा प्रकाश अडवणाऱ्या केशरी चष्म्याबद्दल वाचाल. नॉर्वेत मॅनियाच्या रुग्णांवर तो वापरून चांगला परिणाम दिसला आहे, पण तिथे तो संध्याकाळी सहा ते सकाळी आठ असा उपचार म्हणून दिला होता. मनाने सुरू करू नका. सकाळी प्रखर लाइट-बॉक्ससमोर बसणंही नको. बायपोलरमध्ये त्यानेही मूड उसळू शकतो. गच्चीतलं साधं ऊन वीस मिनिटं पुरे.

चहाबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. दुपारी दोननंतर चहा-कॉफी नको हे बरोबरच. पण दिवसाचे सहा कप एका झटक्यात बंद केले तर रक्तातलं लिथियम वाढू शकतं, कारण कॅफीन ते लघवीवाटे बाहेर टाकायला मदत करत असतं. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. रात्री लघवीला उठणंही लिथियममुळे असू शकतं. म्हणून पाणी पिणं कमी करू नका, ते धोक्याचं आहे. गोळीची वेळ आणि रक्ततपासणी याबद्दल विचारा. घोरणं असेल तर तेही सांगा. झोपेसाठी म्हणून कुणी अॅमिट्रिप्टिलीन दिली तर घेण्याआधी तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारा, ती मुळात नैराश्यावरची गोळी आहे आणि बायपोलरमध्ये मूड वर नेऊ शकते.

दुपारची वामकुक्षी वीस मिनिटं, तीनच्या आत, गजर लावून. जमत नसेल तर सोडून द्या.

आता त्या धडधडीबद्दल. तुमची भीती अनुभवातून आली आहे, ती वेडेपणाची नाही. पण दोन वेगळ्या गोष्टी तिने एकात बांधल्या आहेत. झोप हवी आहे, येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी डोळे चुरचुरतात, कामात चुका होतात: हा निद्रानाश. झोप झाली नाही आणि तरी ताजंतवानं वाटतंय, बोलणं भरभर सुटलंय, नवे बेत सुचतायत: ही मॅनियाची चाहूल असू शकते. तुमच्या पत्रात सगळं पहिल्या प्रकारचं आहे. डायरीतला ताकदीचा आकडा याचसाठी आहे. वाईट रात्र झाली की तो बघा. उणे असेल तर ती फक्त वाईट रात्र होती.

आणि तो वर सरकत असेल तर? मिस्टरांशी आत्ताच, डोकं शांत असताना, लेखी ठरवा. सलग दोन रात्री नेहमीपेक्षा दोन तास कमी झोप आणि दिवसा उत्साह जास्त, असं झालं की वेळ कमी करण्याचा प्रयोग त्याच क्षणी बंद, दिवे लवकर मंद आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. त्या वेळी "मी ठीक आहे" हे तुमचं म्हणणं ग्राह्य धरायचं नाही, हेही त्या कागदावर तुमच्याच हाताने लिहून ठेवा. डॉक्टर भेटेनात तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४१६, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

जागरणं आपल्याकडे पुण्याची मानली जातात, त्यामुळे नाही म्हणणं जड जातं. कोजागरीला दूध आटवा, साडेदहाला प्या आणि निघा. गोंधळ, लग्नाआधीची रात्र, रात्रीची ट्रॅव्हल्स यांतलं एका आठवड्यात एकच, आणि दुसऱ्या दिवशी उठणं सातलाच.

हा सगळा बेत एकट्याने रेटू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट निवडताना थेट विचारा: बायपोलर असलेल्यांना झोपेचा हा उपचार दिला आहे का, आणि पलंगावरचा वेळ किमान किती ठेवता? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "पाच तास" आलं तर पुढचं दार ठोठवा.

राहिल्या सासूबाई. त्यांच्या मायेपोटी तुमची रविवारची सकाळ दोन तास लांबते आहे. त्यांना नियम समजावत बसण्यापेक्षा एक काम सोपवा. रविवारी सातला त्यांनी दार वाजवायचं आणि चहा खोलीत न आणता गच्चीत न्यायचा.