डॅशबोर्डात स्कॅनर बसवायचाय? आधी छताकडे बघा

प्रश्न : नमस्कार. आम्ही डॅलसला राहतो, एप्रिल-मे लागला की टोर्नेडोची धास्ती असते आणि मला रोज पाऊण तास ड्राइव्ह आहे. फोनवरचं ॲप नेट गेलं की बंद, म्हणून युनिडेनचा बीसीडी ९९६ पी २ स्कॅनर (पोलिस, हवामान अशा रेडिओ फ्रिक्वेन्सी ऐकायचा सेट) घेतला, सोबत डॅशबोर्डात सरकवायची चौकट पण आलीय. गाडी २०१० ची कोरोला, कंपनीचा मोठा स्टिरिओ आहे. तो न काढता बसेल का? आणि गाडीचाच एफएम अँटेना चालेल का?

उत्तर : स्टिरिओ तसाच ठेवून डॅशबोर्डात नाही बसणार. रेडिओच्या खाचेचं ठरलेलं माप असतं १८० बाय ५० मिमी, तुमचा स्टिरिओ दोन मजली म्हणजे १०० मिमी उंच आहे. तो काढून एकमजली स्टिरिओ घ्या, वर तो आणि खाली स्कॅनर, मस्त बसतं. टोयोटाची जागा मात्र २०० मिमी रुंद असते त्यामुळे दोन्ही बाजूंना फट राहते, तिच्या पट्ट्या डॅश किटमधे मिळतात. आणि सरकवायच्या आधी मागची खोली मोजा, कारण अँटेनाचं बीएनसी कनेक्टर (फिरवून अडकवायचा गोल जोड) स्कॅनरच्या पाठीला आहे आणि वायर तिथे दुमडली की आतून तुटते. काटकोनातला जोड थोड्या पैशात येतो, तो लावाच.

वायरिंग अवघड नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबा, मगच पॅनलला हात लावा. करंट चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या फ्यूजवरून घ्या, नाहीतर आठवडाभर गाडी उभी राहिली की बॅटरी झोपते, आणि स्कॅनरला स्वतःचा वेगळा छोटा फ्यूज द्या. काळी वायर रंग खरवडून थेट बॉडीच्या पत्र्याला, नारिंगी वायर डॅशबोर्डाच्या लाइटला म्हणजे रात्री स्क्रीन मंद होते. एवढं करून ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर आधी अर्थिंग म्हणजे काळ्या वायरचा पत्र्याशी जोड तपासा, मग यूएसबी चार्जर आणि डॅशकॅम एकेक काढून बघा, बऱ्याचदा तेच निघतात.

आता अँटेना, आणि माझं म्हणणं इथेच आहे. लोक डॅशबोर्डावर दोन-दोन वीकेंड घालवतात आणि अँटेनाला काहीतरी जुगाड करतात. तुमचा एफएम अँटेना ८८ ते १०८ मेगाहर्ट्झसाठी आहे, त्याचा प्लग पण वेगळा, अडॅप्टर मिळतो पण त्यावर लांबचं स्टेशन पकडणार नाही आणि वादळात नेमकं लांबचंच ऐकायचं असतं. सरकारी वेदर रेडिओ १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधल्या सात चॅनलवर असतो, त्याला साधारण ४६ सेंमीची काडी लागते. पोलिस वगैरे बऱ्याच ठिकाणी वापरतात त्या आठशे मेगाहर्ट्झच्या सिस्टिमला फक्त ९ सेंमी. म्हणून दोन्ही चालतील असा मल्टिबँड अँटेना घ्या आणि लोहचुंबकाच्या बुडाने छताच्या मधोमध लावा, खालचा पत्रा त्याच्या कामाचा अर्धा भाग असतो. वायर मागच्या दाराच्या रबरातून आत घ्या. पुढच्या खांबातून घेऊ नका, तिथे पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते. माझ्या पहिल्या गाडीत एका दुकानदाराने वायर नेमकी तिच्यावरूनच नेली होती, वर्षभर मुलांना घेऊन तशीच गाडी चालवली, कळल्यावर रात्रभर झोप लागली नाही. तेव्हापासून ट्रिम कोण आणि कुठून उघडतोय हे मी शेजारी उभं राहून बघतो, तुम्हीपण बघा.

अलर्टचं सेटिंग घरीच करा, चालवताना नाही. काउंटीचा सहा आकडी कोड टाकला की फक्त त्या भागाचा इशारा वाजतो, डॅलस काउंटीचा ०४८११३. रस्त्यात लागणाऱ्या बाकीच्या काउंट्यांचे पण टाका. स्कायवॉर्नचे म्हणजे वादळावर नजर ठेवणारे स्वयंसेवक बऱ्याच ठिकाणी हॅम (हौशी रेडिओवाल्यांच्या) रिपीटरवर, म्हणजे आवाज लांबवर पोचवणाऱ्या केंद्रावर, बोलतात, ती फ्रिक्वेन्सी पण भरून ठेवा, ढग कुठे फिरतोय हे डोळ्यांनी बघून सांगणारा माणूस ऐकू येणं फार मोठी गोष्ट आहे. पोलिसांचं बोलणं एन्क्रिप्टेड (सांकेतिक केलेलं) असेल तर मात्र कितीही महाग स्कॅनर घ्या, ऐकू येणार नाही.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो, कामाला गाडीनेच न्यूयॉर्कला जातो. असाच स्कॅनर बसवू का?

उत्तर : नका बसवू. टेक्सासला वेगळं परमिट लागत नाही, पण न्यूयॉर्कच्या वाहन कायद्याचं कलम ३९७ आहे, पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी पकडणारा सेट परमिटशिवाय गाडीत बसवणं तिथे गुन्हा आहे. हॅम लायसन्सवाल्यांना सूट आहे पण ती हॅमच्या फ्रिक्वेन्सींपुरती. फ्लोरिडा, इंडियाना, केंटकी, मिनेसोटा इथेही बंधनं आहेत, तेव्हा लांबच्या ट्रिपला निघताना रस्त्यातल्या प्रत्येक राज्याचं बघून घ्या. तुम्हाला फक्त हवामान हवं असेल तर नुसता वेदर रेडिओ घ्या, तो पोलिसांचं काही पकडतच नाही.