रंग नंतर, आधी पाणी काढा

वाचकांचे प्रश्न : जुने रणगाडे आणि लष्करी गाड्या
(उत्तरे देणारे फिटर खडकीच्या आर्मी बेस वर्कशॉपमधून निवृत्त झाले आहेत.)

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या फाटकापाशी विजयंता रणगाडा आहे. दरवर्षी २६ जानेवारीच्या आधी आम्ही तो घासून हिरव्या ऑइल पेंटने रंगवतो. पावसाळा संपेपर्यंत पोपडे सुटतात आणि खालून तांबडे ओघळ येतात. कोणता रंग टिकेल?
– एक प्राध्यापक, हडपसर

उत्तर : सर, रंगाचा डबा तूर्त बाजूला ठेवा. ओघळ पोटाखालून येत असतील तर रणगाडा आतून गंजतोय. विजयंताच्या मागच्या अंगाला, इंजिनाच्या वर, हवेसाठी जाळ्या असतात. पुण्याचा चार महिन्यांचा पाऊस तिथून सरळ आत उतरतो. त्यात मुलं आत शिरू नयेत म्हणून बहुतेक ठिकाणी हॅचला, म्हणजे आत उतरायच्या झाकणाला, वेल्डिंग मारलेलं असतं. मग पाणी आत जातं, पण आतला दमटपणा बाहेर पडायला वाट राहत नाही. दिवसा पत्रा तापतो, रात्री गार होतो आणि त्या दमट हवेचं पाणी भिंतींना धरतं. म्हणजे पाऊस थांबला तरी गंज थांबत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून रंगाला आतून उचलून फेकतो. चिलखताची जाड प्लेट पुष्कळ वर्षं दम धरते. आधी जातात ते मडगार्ड आणि बाजूच्या अवजारपेट्या.

रणगाडा ज्या लष्करी कार्यालयाकडून मिळाला, त्यांना आधी लेखी कळवा. मग एखादा जाणता मेकॅनिक घेऊन पोटाखाली जा. तळाला ड्रेन प्लग, म्हणजे पाणी सोडायची बुचं, असतात, ते माती आणि कुजक्या पानांनी बसलेले सापडतील. प्लग सुटला की काळं, तेलकट पाणी येईल. ते बादलीत धरा, गटारात सोडू नका. नंतर प्लग परत लावायचे नाहीत, त्या भोकांना बारीक जाळी लावा. इंजिनावर उतरतं पत्र्याचं छप्पर घाला, पण हवा खेळेल एवढी फट ठेवा. तोफेच्या तोंडाला झाकण हवं. ट्रॅक, म्हणजे चाकांवरचे साखळीपट्टे, मातीत किंवा गवतात रुतलेले असतील तर खाली काँक्रीटचे पट्टे करून घ्या. एवढं झालं आणि आतला ओलावा उन्हाळाभर सुकला, की मग रंगाचं बोलू.

ग्राइंडर लावून सगळा रंग उडवून लोखंड पांढरं करून टाकायची घाई मात्र मुळीच करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. टरेटच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या, बाजूला, जिथे खुणा रंगवतात, तिथे रुपयाच्या नाण्याएवढी जागा निवडा. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने गोल गोल घासा. तुमचे हिरवे थर एकामागून एक कड्यांसारखे उघडतील. त्याखाली लष्कराचा मूळ रंग लागेल, आणि नशीब असेल तर एखाद्या जुन्या आकड्याचा पांढरा कोपराही दिसेल. तो रणगाडा कुठल्या रेजिमेंटकडे होता, हे त्या कोपऱ्यावरून शोधता येतं. ग्राइंडरने ते कायमचं जातं. फोटो काढा, मोजपट्टी शेजारी धरून. जुन्या प्रायमरमध्ये शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका, मास्क लावा आणि विद्यार्थ्यांना या कामाला लावू नका. सुटे पोपडे तेवढे काढा, घट्ट बसलेला जुना रंग राहू द्या, झिंक फॉस्फेट प्रायमरचा हात द्या आणि वर चकाकी नसलेला रंग द्या. चकचकीत ऑइल पेंट रणगाड्याला शोभत नाही.

प्रश्न : आजोबांनी लष्करी लिलावात घेतलेली जीप बंद पडून आहे. इंजिन जाम आहे. डिझेल इंजिन बसवावं का? आणि ती विलिस कंपनीची आहे की फोर्डची?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : डिझेल इंजिन बसवू नका. स्पार्क प्लग काढून त्या भोकांतून गंज सोडवणारं तेल घाला, काही दिवस मुरू द्या, मग हँडलने अलगद मागेपुढे हलवून बघा. ढकलून किंवा टोइंग करून सुरू करायला गेलात तर पिस्टनच्या रिंग तुटतील. आता ओळख. रेडिएटरच्या खाली, चासिसचा पुढचा आडवा दांडा बघा. गोल नळी असेल तर विलिस, उलट्या यू आकाराचा असेल तर फोर्ड. फोर्डने आपल्या बोल्टांच्या डोक्यावर एफ अक्षर ठोकलेलं असायचं. पुढच्या जाळीत नऊ खाचा असतील तर जीप दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, सात असतील तर बहुधा नंतरची. बोल्ट बदलताना एफ असलेले फेकू नका. सुट्या भागांसाठी बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, पण मूळ भाग घरी ठेवून नमुना घेऊन जा.

प्रश्न : संग्रहालयातले रणगाडे सुरू करून का दाखवत नाहीत?
– इयत्ता नववीतली वाचक, वानवडी

उत्तर : बेटा, दाखवतात, पण फार थोडे. इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात १९४३ साली ट्युनिशियात पकडलेला टायगर १३१ हा जर्मन रणगाडा चालतो. त्याचं मूळ इंजिन प्रदर्शनासाठी कापलेलं होतं, म्हणून दुसऱ्या रणगाड्याचं बसवावं लागलं. चालवलं की झीज होते आणि नवे भाग घालावे लागतात. ज्या रणगाड्याचं मोल त्याच्या जखमांमध्ये आहे, त्याला तर हातच लावू नये. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पुण्यात जन्मले, पूना हॉर्स रेजिमेंटचे. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत ते ज्या सेंच्युरियन रणगाड्यात धारातीर्थी पडले, तो 'फॅमागुस्टा' नावाचा रणगाडा अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपला आहे. अशा रणगाड्यावरचं गोळ्याचं भोक पुट्टीने बुजवणं मला सहन होणार नाही. अहिल्यानगरलाच १९९४ पासून कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. वडिलांबरोबर जा, आणि पॅटन रणगाड्यापाशी थांबून त्याच्या चिलखताच्या कडा जवळून बघ.