टायरची साइज तीच, लोड मात्र कमी: क्लेम नाकारला तर काय?

पंचवटीतल्या एका दादांनी विचारलंय. मालाची व्हॅन स्वतःची, चालवतातही स्वतःच, दिंडोरीहून टोमॅटो भरून रात्री वाशीला जातात. मागचे दोन टायर बदलले तेव्हा दुकानदार म्हणाला साइज तीच आहे, बिनधास्त जा. तीन महिन्यांत कसारा घाट उतरताना डावा फुटला, गाडी कठड्याला घासली, कोणाला लागलं नाही हे नशीब. दुरुस्तीचे 68 हजार खिशातून गेले. इन्शुरन्स कंपनी म्हणते टायर लोडला योग्य नव्हता, क्लेम नामंजूर, आणि दुकानदार म्हणतो तुम्ही मागितला तो दिला.

दादा, आधी एकच सांगतो, फुटलेला टायर भंगारात घालू नका, तुमची अख्खी केस त्याच्यावर लिहिलेली आहे.

तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून बघितले. जुन्या टायरवर 195 आर 15 एलटी (एलटी म्हणजे लाइट ट्रक, हलक्या मालगाडीचा टायर) आणि पुढे 106/104, नव्यावर 195/80 आर 15 आणि पुढे 96 एस. रुंदी 195, रिम 15 इंची, म्हणून साइज तीच वाटते. खरा फरक शेवटच्या आकड्यात, तो लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो याचा आकडा. 106 म्हणजे एका टायरला 950 किलो (104 हा जोडचाकासाठी, तो सोडा), 96 म्हणजे 710. मागच्या दोन चाकांवर मिळून 1,900 च्या जागी 1,420 किलो, म्हणजे जवळपास पाच क्विंटल ताकद कमी झाली आणि तुम्हाला कोणी सांगितलंही नाही. आयएसआय मार्कजवळचा नंबरही बघा, कारच्या टायरला 15633 असतो, मालवाहू गाडीच्या टायरला 15636. तिथे 15633 निघाला तर दुकानदाराने मालाच्या गाडीला कारचा टायर चढवला हे टायरच सांगतोय.

आता वजनाचं खरं खरं सांगा. त्या रात्रीची काट्याची पावती शोधा आणि आरसीवरचं ग्रॉस वजन (गाडी आणि माल मिळून) आणि मागच्या एक्सलचं वजन बघा. माल मर्यादेत होता पण एक्सलचं वजन 1,420 च्या वर मंजूर असेल तर गाडी ओव्हरलोड नव्हती, टायर ओव्हरलोड होता, आणि तो दोष तुमचा नाही. पण माल खरंच जास्त होता तर मला लपवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 चा दंड 20 हजार आणि वर जादा टनामागे 2 हजार, ते वेगळंच, पण क्लेमही कमकुवत होतो. तरी संपत नाही, कारण अमलेंदू साहू केसमध्ये 2010 साली सुप्रीम कोर्टाने पॉलिसीची अट मोडली असतानाही नॉन-स्टँडर्ड बेसिसवर, म्हणजे काही रक्कम कापून, क्लेम द्यायला लावलाय, अशा क्लेममध्ये 75 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते.

एक धोका आहे तो नीट समजून घ्या. दुकानदाराविरुद्ध तुम्ही म्हणणार चुकीच्या टायरमुळे अपघात झाला, आणि इन्शुरन्सवाले तेच वाक्य उचलून म्हणणार बघा, आम्ही तेच म्हणतोय. म्हणून दोन्हीकडे एकच भाषा ठेवा: मी जाणकार दुकानात गेलो, गाडी दाखवली, त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवून टायर घेतले. पॉलिसीत गाडी चांगल्या स्थितीत ठेवायला वाजवी काळजी घ्या असं लिहिलेलं असतं, आणि बिल घेऊन दोन नवे टायर टाकणं ही वाजवी काळजी नाही तर काय?

कंपनीकडे सर्व्हेअरच्या (नुकसान तपासणाऱ्याच्या) रिपोर्टची प्रत आणि नकाराचं कारण लेखी मागा, दुकानदाराला स्पीड पोस्टाने नोटीस द्या. त्याने ऐकलं नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. गाडी धंद्याची आहे म्हणून तुम्ही ग्राहक नाही असं समोरचे म्हणतील, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात चालते, तसं तक्रारीत स्पष्ट लिहा. मुदत दोन वर्षांची, आणि 5 लाखांपर्यंत फी लागत नाही. एवढंच की टायरच्या किमतीत इन्शुरन्स 50 टक्के घसारा कापणार, ते धरून चाला.

आणि दादा, त्या जोडीतला उजवा टायर अजून गाडीखालीच आहे असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून मला काळजी वाटली. आजच्या आज त्याचे साइडवॉलचे फोटो काढा, दोन्ही बाजूला 106 चे टायर टाका, बिलावर लोड इंडेक्स लिहून घ्या आणि मगच घाट उतरा. काढलेला टायर फुटलेल्याच्या शेजारी ठेवा, आयोगात दोन्ही लागतील.