फ्रीलान्सच्या नादाला लागू नका, आधी नावाचे कागद जुळवा

व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) बीई, पुण्यात पाच वर्षं एसएपीचं (कंपन्यांचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) काम, घर बेळगाव जिल्ह्यात खानापूरला. एजंट म्हणतोय, जर्मनीत थेट ‘फ्रीलान्स कन्सल्टंट’ म्हणून उतरा, दुप्पट मिळेल. जावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

तसं जाऊ नका. ब्ल्यू कार्ड, म्हणजे कुशल परदेशी लोकांना तिथे राहून काम करायचा परवाना, पगारी नोकरीवरच मिळतं. स्वतंत्र व्यवसायाचा परवाना वेगळा असतो. शिवाय वर्षभर एकाच ग्राहकाकडे, त्याच्याच लॅपटॉपवर, त्याच्याच वेळेत काम केलंत तर तपासणीत तुम्ही नावापुरते स्वतंत्र ठरू शकता. मग मागच्या महिन्यांचा सामाजिक विमा ग्राहकाच्या गळ्यात पडतो. म्हणून जपून वागणाऱ्या कंपन्या नवख्याला असं घेत नाहीत. आधी कन्सल्टिंग कंपनीत नोकरी धरा.

आयटीसाठी ब्ल्यू कार्डची पगारमर्यादा २०२५ साली वर्षाला ४३,७५९.८० युरो होती. ती दर जानेवारीत बदलते, त्यामुळे अगदी काठावरची ऑफर घेऊ नका. ४८,००० युरोंवर एकट्या माणसाच्या हातात महिन्याला साधारण २,६०० युरो पडतात. एजंट रुपयांत सांगतो तो आकडा कापाकापीच्या आधीचा असतो.

पदवी ‘अनाबिन’ या परदेशी पदव्यांच्या जर्मन ऑनलाइन यादीत तपासा. विद्यापीठापुढे ‘एच+’ (विद्यापीठ मान्य) दिसलं म्हणजे झालं, असं नाही. तुमची नेमकी पदवीही तिथे जुळायला हवी. नसेल तर झेडएबीचं (परदेशी पदव्या तपासणारं जर्मन सरकारी कार्यालय) तुलनापत्र काढा, शुल्क २०८ युरो. (पदवीच नसलेल्या आयटीवाल्यांना गेल्या सात वर्षांतला तीन वर्षांचा अनुभव चालतो.)

आपल्याकडचा खरा घोळ नावांचा. एसएसएलसीच्या (दहावीच्या) गुणपत्रिकेवर आडनावाऐवजी इनिशियल, जन्मदाखल्यावर कानडीतून इंग्रजीत आलेलं स्पेलिंग, पुण्याच्या कंपनीच्या अनुभवपत्रावर तिसरंच काही. गावाचं सोपं आहे: १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं, ते सरकारी आदेशाने दाखवता येतं. माणसाचं नाव मात्र पासपोर्ट प्रमाण मानून बाकी कागदांवर दुरुस्त करून घ्या, आणि हे ऑफर यायच्या आधी. अपॉस्टिलवर (परदेशात कागद चालावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का) पैसे घालवू नका. भारताच्या बाबतीत जर्मनीने आक्षेप घेतलेला असल्याने ते तिथे चालत नाही.

व्हिसाचा अर्ज राहण्याच्या ठिकाणावरून ठरतो: कर्नाटकाला बंगळूरू, महाराष्ट्राला मुंबई. आधार खानापूरचं, भाडेकरार पुण्याचा असेल तर खरोखर राहता तिथलेच पुरावे जोडा, दोन्हींची खिचडी नको.

करारात तीन गोष्टी बघा. परीक्षाकाळ (प्रोबेशन) बहुधा सहा महिन्यांचा असतो, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं. ग्राहकाकडे जायचा प्रवास कामाच्या तासांत धरलाय का? ‘ओव्हरटाइम पगारात आला’ असं मोघम लिहिलं असेल तर किती तास, तो आकडा घालून घ्या. पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदललीत तर परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावं लागतं.

भाषेचं म्हणाल तर आतल्या टीमला इंग्रजी पुरतं, ग्राहकासमोर बसायला जर्मनची बी२ पातळी लागते (ए१ सर्वांत खालची, मग ए२, बी१, बी२). बी१ असेल तर कायमचं राहण्याचा परवाना २१ महिन्यांत, नुसत्या ए१ वर २७.

पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो. पुढे कर क्रमांक आणि बँक खातंही याच नोंदणीवर अडतं. खोलीवाला सही द्यायला तयार नसेल, तर खोली कितीही स्वस्त असली तरी सोडा.